दगड खाणाऱ्यांची पंगत

हैदराबादेत खाण्याच्या बढाया मारणाऱ्यांना तोटा नाही. बिर्याणीची अख्खी देग एकट्यानं रिकामी करून वर 'डबल का मीठा कुठंय?' म्हणून विचारणारा एक तरी मामा इथल्या प्रत्येक मराठी घरात असतो. आमच्या घरात दोन होते आणि ते एकमेकांशी बोलत नसत. पण मी पाहिलेले सगळ्यांत मोठे खादाड काचीगुड्यातल्या एका फ्लॅटच्या बाथरूममध्ये राहायचे. ते दगड खायचे. दगडातलं लोखंड आणि गंधक हा त्यांचा वरणभात. ज्या पाण्यात ते राहत ते इतकं आंबट, की त्याचा एक शिंतोडा माझ्या पँटवर उडाला तर संध्याकाळी त्या भोकातून काचीगुडा स्टेशनात लागलेल्या गाडीचा नंबर वाचता यायचा. अशा पाण्यात हे सुखानं नांदत होते, पोरंबाळं वाढवत होते.

जीवाणू होते ते. डोळ्यांना दिसत नाहीत. दिसतो तो त्यांच्या जेवणाचा रंग. हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, विरघळवलेलं फिकट हिरवं पाणी त्यांच्यापुढं ठेवायचं. ते खाऊ लागले की पाणी हळूहळू लाल होत जातं, पार डाळिंबाच्या रसासारखं. लाल झालं म्हणजे पंगत उठली. हिरवंच राहिलं तर पंगतीला कोणी उरलेलं नाही.

त्यांचे आईबाप म्हणजे आमचे सर. सरांचं घराणं निजामाच्या काळापासून काचीगुड्यातलं, सरकारी नोकरीतलं. भाऊ वकील, मेहुणे मास्तर, आणि हे एकटेच दगडांच्या नादी लागलेले. मी त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, की माझ्या केसांचा रंग गेला तो त्यांच्याच प्रयोगशाळेच्या मोरीतून वाहून गेला असणार. सर कडक. प्रयोगशाळेत चहाचा कप आणायला बंदी, बिस्किटाला बंदी, खिशात पेपरमिंट सापडली तर माणसाला बाहेर काढायचे. कारण हे जे खादाड, ते तेजाब पचवतील, तांबं पचवतील, पण साखर लागली की कोसळतात. मीठही तसंच. आपलं जेवण त्यांचं विष आणि त्यांचं जेवण आपलं, असा सगळा उलटा कारभार.

हे सगळं कशासाठी, तर एका डोंगरासाठी. तांब्याच्या एका जुन्या खाणीशेजारी टाकाऊ दगडाचा डोंगर साचलाय. भट्टी ही मोठी नखऱ्याची. तिला तांब्यानं गच्च भरलेला निवडक दगड लागतो. हलका माल ती तोंडाला लावत नाही. तो बाजूला फेकतात. पिढ्यान्‌पिढ्या फेकत राहिले. पावसाचं पाणी त्यातून झिरपून निळंहिरवं होतं आणि खालच्या गावाच्या ओढ्यात उतरतं. मी तिथल्या शेळ्या पाहिल्यात. त्या ओढ्याशी जातात, वास घेतात आणि माणसाकडं अशा बघतात, की आपणच मान खाली घालावी.

सरांचं म्हणणं साधं होतं. भट्टी नको, धूर नको. तो दगड जाड काळ्या प्लास्टिकवर पसरा, वरून नळ्यांनी या जीवाणूंचं पाणी थेंबथेंब सोडा, ठिबकवर द्राक्षबाग जगवतात तसं. ते दगड खातील, तांबं पाण्यात सुटेल, खाली तळ्यात जमेल. तळ्यात भंगार लोखंड टाका, तांबं त्यावर येऊन बसेल. पाणी पुन्हा वर. ओढ्यात थेंब जाणार नाही. अडचण एकच होती, त्या दगडात सोमल आहे. कुठलेही ऐरेगैरे जीवाणू त्यात पडले की मरतात. म्हणून सरांनी आपल्यांना वर्षानुवर्षं घास घास सोमल चारून तयार केलं होतं. आज चिमूट, पुढच्या महिन्यात चिमटीभर आणखी. जे मेले ते मेले, जे राहिले त्यांची वंशावळ पुढं. असे जीवाणू जगात दुसरीकडं कुठंही नव्हते, आणि हे मी वाढवून सांगत नाहीये.

पण सरांनी त्यांचं काम पाहिलं होतं ते मनगटाएवढ्या काचेच्या नळ्यांत. डोंगरावर कधीच नाही. त्यांच्या मूत्रपिंडांनी संप पुकारला, डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या, तसं त्यांचं एकच पालुपद झालं.

"एकदा उघड्यावर बघायचंय रे. नळीत नक्को आता. डोंगरावर."

मग वरून हुकूम आला आणि आमची प्रयोगशाळा बंद झाली. साफसफाईवाल्यांनी चुना ओतून सगळं गटारात सोडलं. सरांनी तेवढे दोन बुधले वाचवले, पाण्याच्या जारएवढे, जाड काचेचे. दोन का, तर एक दगावला तर दुसरा असावा. एक सरांच्या मांडीवर, एक माझ्या, असे आम्ही ऑटोतून निघालो. मलकपेठच्या रस्त्यावर एवढे खड्डे होते, की रेसकोर्सवरचे घोडे तिथं सरावाला आणत असावेत.

"आहिस्ता मियाँ, आहिस्ता," सर दर खड्ड्याला ओरडत होते.

ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं. "क्या साब, अंदर बच्चे सो रैं क्या?"

"हौ," सर म्हणाले. "करोडों."

"रोते नै?"

"भूक लगे तो लाल हो जाते."

त्यानंतर तो ऑटोवाला घरापर्यंत एक शब्द बोलला नाही आणि स्पीडब्रेकरवरून असा गेला, जणू नव्या नवरीला नेतोय.

अशा रीतीनं ते काचीगुड्याच्या बाथरूममध्ये आले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, यांनी आयुष्यात प्रथमच नवऱ्याचं काम इतक्या जवळून पाहिलं. आधी त्यांनी नाक मुरडलं.

"मी आंघोळ कुठं करायची? यांच्या पुढ्यात?"

"त्यांना डोळे नसतात," सर म्हणाले.

"तुम्हाला कुठं होते?" काकू म्हणाल्या आणि बादली घेऊन दुसऱ्या न्हाणीघरात गेल्या. पण बुधल्यांवर ओलं गोणपाट मात्र त्यांनीच गुंडाळलं, कारण हैदराबादचा एप्रिल होता आणि त्या एप्रिलात आमच्या गल्लीतल्या कावळ्यांनी सावलीसाठी नंबर लावले होते.

आणि मग सरांनी खाणीला लिहिलेल्या पत्राचं उत्तर आलं. कंपनी नवी होती, उत्साही होती. एक ढीग लावून देतो, प्लास्टिक, नळ्या, तळं सगळं आमचं. तुम्ही फक्त तुमचे जीवाणू जिवंत आणा. सरांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. मग स्वतः हळू आवाजात म्हणाले, "मी व्हीलचेअरवरनं बघेन. चालेल ना तिथं व्हीलचेअर?"

"सर, मी तुम्हाला डोक्यावर घेऊन जाईन," मी म्हटलं.

जागा पाहून ढिगाचा उतार ठरवायला मला आठवडाभर खाणीवर जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशीच सरांना धाप लागली, अंग सुजलं, इस्पितळात ठेवावं लागलं. मी थांबतो म्हटलं तर त्यांनी ऑक्सिजनची नळी बाजूला करून मला झापलं. त्यामुळं बुधले काकूंवर आले. मी बेगम बाजारातून हिराकस आणलं होतं. तिथला व्यापारी मला ओळखतो. त्याला वाटतं मी चोरून केसांचा कलप बनवतो. काकूंना चमचा दाखवला, डिस्टिल्ड पाण्याचा कॅन दाखवला. रोज एवढं हिराकस, पाणी आटलं की एवढं पाणी, आणि हवेचा पंप बंद पडू द्यायचा नाही. बस. इतकं तेजाबी प्रकरण. त्यात साखर घालू नका, असं कोण कोणाला सांगेल?

खाणीवर मी राजासारखा राहिलो. गेस्ट हाऊसमध्ये उशी इतकी कडक होती, की ती प्रयोगशाळेत पाठवली असती तर तांबं निघालं असतं. तिथला साइट ऑफिसर तरुण तेलुगू गडी. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "सर, तुमचे बॅक्टेरिया खरंच दगड खातात?" मी त्याला सांगितलं, की आमच्या इमारतीच्या पायाजवळ एकदा सांडले तर सोसायटीनं नोटीस दिली होती. तो हसला, पण ढिगाचं काम त्यानं मनापासून केलं. काळं प्लास्टिक ताणून बसवलं, नळ्यांचं जाळं टाकलं, खाली तळं खोदलं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तो ढीग मी बराच वेळ बघत बसलो. सगळं तयार होतं. आता फक्त जेवणारे यायचे होते.

परत आलो तो थेट काचीगुड्याला. काकू इस्पितळातून जेवणाचा डबा घ्यायला घरी आल्या होत्या. डोळे ओढलेले, साडी कशीतरी गुंडाळलेली, पण मला पाहून चेहरा फुलला.

"ये ये. आधी तुझी पोरं बघ. अरे, किती परेशान झाले होते मी! चौथ्या दिवशी पाणी एकदम खाली गेलेलं, रंग काळपट, आणि काचेला आतून पिवळी पपडी. तापात माणसाच्या ओठांना धरते ना, तश्शी. मी म्हटलं, झालं, यांना शोष पडला."

तशी पपडी धरतेच. ते त्यांचं नेहमीचं आहे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, साखर-मीठ-पाणी सुरू केलं. उकळून गार करून, हौ, तसंच नाही दिलं. सकाळ-संध्याकाळ एकेक पेला."

मी बाथरूमच्या दारात होतो. गोणपाट ओलं होतं, पंप चालू होता, सगळं सांगितल्याप्रमाणं. बुधल्यात वर पांढरी जाड साय धरलेली होती. खाली पाणी हिरवं.

"बघ, साय कशी धरलीय," काकू मागून म्हणाल्या. "म्हटलं, अंगी लागतंय."

मी दुसऱ्या बुधल्याकडं पाहिलं. दुसऱ्यातही तीच साय.

"दोघांनाही दिलंत, काकू?"

"म्हणजे काय! एकाला द्यायचं नि दुसऱ्याला तोंडाकडं बघत ठेवायचं? पंक्तिप्रपंच माझ्याच्यानं होत नाही बाबा." मग पदरानं कपाळ पुसून त्या खाली बसल्या, बाथरूमच्या उंबऱ्यावरच. "तिकडं यांना पाणी द्यायला डॉक्टरांनी मना केलंय. दिवसाला एवढीशी वाटी. माझ्याकडं बघतात, जीभ फिरवतात ओठांवरनं, आणि मी हातात तांब्या घेऊन बसते. द्यायचं नाही. अरे, नवऱ्याला घोटभर पाणी देता येत नाही मला. मग म्हटलं, इथं तरी देऊ. यांना तरी कोणी मना केलेलं नाही."

मी आयुष्यात कुठल्याही प्रसंगी गप्प बसलेला माणूस नाही. माझ्या मुंजीत मी भटजींना मध्येच थांबवून गोष्ट सांगितली होती म्हणतात. तिथं मात्र मी नुसतं बुधल्यावरचं गोणपाट सारखं केलं. मग म्हटलं, "छान केलंत. थोडं मी घेऊन जातो, सरांना दाखवायला."

पुढचे दोन-तीन दिवस मी जे जे येतं ते केलं. साय काढली, पाणी गाळलं, ताज्या हिराकसात थोडं थोडं टाकून आठ-दहा बाटल्या लावल्या, माझ्या घरच्या देवघरात, स्वयंपाकघरात, बायकोच्या शिवणयंत्रावर. बायको म्हणाली, आता पाहुणे आले तर बसतील कुठं? सगळ्या बाटल्या हिरव्या राहिल्या. फिकट, स्वच्छ, सुंदर हिरव्या. मला त्या रंगाचा अजून राग येतो.

इस्पितळात सरांनी पहिलाच प्रश्न तो विचारला. "आणलंस?"

मी छोटी बाटली पुढं केली. काकू खाटेच्या पलीकडं संत्र्याच्या फोडीवरचे दोरे काढत बसल्या होत्या. एक फोड, तेवढीच परवानगी. सरांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली नाही. त्यांनी सरळ बूच काढलं आणि वास घेतला. ताडीच्या दुकानापाठीमागं येतो तसा वास होता, आंबूस-गोड. मी गाळून गाळून आणलं होतं, तरी होता.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"दोन्ही?"

"दोन्ही, सर."

काकूंनी मान वर केली. "हो, दोघांनाही सारखंच दिलं हो. साखर-मीठ-पाणी. तुमच्या पोरांना उपाशी नाही ठेवलं मी."

सरांनी बूच लावायला फार वेळ घेतला. त्यांची बोटं सुजलेली होती. मी हात पुढं केला तर त्यांनी मानेनं नको म्हटलं. मग काकूंकडं वळून म्हणाले, "बरं केलंस."

या माणसानं मला इतक्या वर्षांत एकदा 'चालेल' म्हटलं होतं, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. 'बरं केलंस' हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. काकूंनी ती फोड त्यांच्या ओठांशी धरली. चेहऱ्यावर असा आनंद, की मी खिडकीबाहेरच्या पार्किंगमधल्या स्कूटरी मोजू लागलो.

त्या औषधं आणायला खाली गेल्या तसं सर म्हणाले, "तिला कळता कामा नये."

"नाही, सर."

"तू बडबड्या आहेस."

"सर, मी नाही सांगणार."

"फोन लाव त्यांना."

साइट ऑफिसरला मी सांगितलं. त्याला खरंच वाईट वाटलं. दुसरीकडून मागवू का, बाजारात मिळतात म्हणे. सरांनी फोन स्वतःकडं घेतला आणि धाप लागत लागत म्हणाले, दुसरे मरतील, सोमल आहे. मग तो म्हणाला, की ढीग तर तयार आहे, वर कळवावं लागेल. बहुतेक टँकरनं तेजाब आणून तेच वरून सोडायला सांगतील. थोडंफार तांबं निघेल तेवढं निघेल.

"फोटो पाठव," सर म्हणाले.

फोटो आला. सरांनी मोबाइल नाकाजवळ धरला, बोटांनी मोठा केला. काळं प्लास्टिक, नळ्या, खाली कोरडं तळं. कोपरान्‌कोपरा त्यांनी पाहिला.

"उतार बरोबर काढलाय." आणि थोड्या वेळानं, "खाणीच्या जुन्या बोगद्यात पाणी गळतं. त्यात मूळ जातीचे असणार. ते आण. पुन्हा चारायला लाग. थोडं थोडं."

"आणतो, सर."

किती वर्षं लागतील हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही. मी पाणी आणायला निघण्याआधीच ते गेले, सकाळी, डायलिसिसला न्यायला माणूस आला तेव्हा.

सरांचे दिवस झाल्यावर मी बुधले न्यायला काचीगुड्याला गेलो. काकूंनी चहा ठेवला. पाहुणे पांगले होते, घरात एकट्याच होत्या. कप माझ्यापुढं ठेवून समोर बसल्या.

"मी मारलं का रे त्यांना?"

"कोणाला?"

"बाथरूममधल्यांना."

"उन्हानं गेले, काकू."

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "तुझ्या घरी पाल मेली तरी तू तासभर सांगतोस. शेजारच्या पालींची नावं सांगतोस. आणि हे एवढ्यात आटोपलंस?"

मग मला सांगावं लागलं. साखरेचं, मिठाचं, दुसरा बुधला कशासाठी होता त्याचं. ढिगाचं, टँकरचं. मी एरवी सांगतो तसं नाही सांगता आलं; तुटक तुटक सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, हात मांडीत.

"त्यांना कळलं होतं?"

"वासावरनंच."

"आणि तरी म्हणाले बरं केलंस."

"हो."

त्यांनी माझा कप उचलून बाजूला ठेवला. खालून भाजीवाल्याची आरोळी आली, गेली.

"आमटीत मीठ इकडचं तिकडं झालं तर ताट सरकवणारा माणूस," काकू म्हणाल्या. "जन्मभर. आणि नेमकं इथं 'बरं केलंस'! एकदा रागवायचं होतं रे त्यांनी. त्या शब्दांवर मी इतके दिवस काढले. मला वाटत होतं, पाणी देता आलं नाही, पण निदान त्यांचं काहीतरी मी जगवून दिलं."